उजवी पाकळी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. देवीला सांगायचा प्रश्नच नव्हता — ती समोरच होती, सगळं बघत होती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

गोव्यात साखळीहून सुर्ल्याकडे जाताना आत एक लहानसं देऊळ लागतं. तिथली सेवा आमच्या घराण्याकडे. मंगळवारी मी असतो. लोक प्रसाद घ्यायला येतात, म्हणजे कौल. गाऱ्हाणं घालायचं, देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न असो, घर असो, ऑपरेशन असो — विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी हलत नाही. हसू येतंय? हसा. मी स्वतः हे किती मानतो, ते मला अजून धड सांगता येत नाही. पण सगुण मानायचा.

सगुण माझा ड्रायव्हर. दोडामार्गाकडचा, लग्नानंतर इथंच बिऱ्हाड केलेला. माझा एकच ट्रक होता, खाणीवरचं खनिज नदीच्या धक्क्यावर नेणारा. सगुण दारूला शिवायचा नाही, गाडीला कधी ओरखडा नाही. दोघातिघा मालकांनी त्याला फोडायचा प्रयत्न केला, पण गडी हलला नाही.

मग खाणी बंद पडल्या. चवथीनंतर सुरू होणार, म्हणाले. मग दिवाळीनंतर. मग निवडणुकीनंतर. ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा. सगुण रोज सकाळी यायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचा, सोप्यावर बसून चहात उंडो पाव बुडवून खायचा आणि घरी जायचा. पगार? कसला पगार! अधूनमधून तांदूळ द्यायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा दिलदार समजायचो.

त्याच सुमाराला पेडण्यात मोप्याचा विमानतळ उभा राहत होता. विमानातलं सामान ओढणारे छोटे ट्रॅक्टर असतात ना, ते चालवायला माणसं हवी होती. आधी शिकवणार, मग कामावर घेणार. पण चाळिशीच्या आतलीच. सगुणच्या मावसभावानं त्याचं नाव सुचवलं. चाळिशी त्याच्या उंबऱ्यावर आली होती — ही एकच वेळ होती. मंगळवारी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून देवळात आला. म्हणाला, भाई, जाऊ का ते देवीला विचारा.

मला नाही विचारलं त्यानं. देवीला विचारा म्हणाला. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू?

पण तेवढंच नव्हतं. खाण उद्या सुरू झाली आणि हा मोप्याला असला, तर गाडीवर बसवू कुणाला — हे डोक्यात होतं. आणि त्याच्याही खाली आणखी एक होतं, ते सांगायची मला जास्त लाज वाटते. सगुण रोज येऊन इंजिन चालू करत होता, तोवर मी ट्रकमालक होतो. तो गेला की मी कोण? अंगणात लोखंड घेऊन बसलेला एक रिकामटेकडा माणूस. त्याला जाऊ देणं म्हणजे खाण संपली हे कबूल करणं. ते माझ्यानं होईना. तोंडानं मात्र गाऱ्हाणं घालत होतो — माये, लेकराला वाट दाखव.

पाकळ्या लावल्या. सगुणनं डोळे मिटले, कपाळ उंबऱ्याला टेकलं. थोड्या वेळानं उजवी पडली. अगदी स्वच्छ पडली, शंका घ्यायला जागा नाही. मी बघितली, आणि त्यानं मान वर करायच्या आत डावीही काढून घेतली.

मी म्हटलं, "डावी पडली, सगुणा."

आवाज कापलासुद्धा नाही माझा. पडलेली पाकळी प्रसाद म्हणून हातात द्यायची रीत आहे — तीही पाळली. त्याचा होकार त्याच्याच ओंजळीत ठेवला आणि नकार म्हणून सांगितला. त्यानं ती पाकळी डोळ्यांना लावली. वर मलाच म्हणाला, बरं झालं भाई, मलाही धाकधूक होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्यानं ट्रकचं इंजिन चालू केलं.

करून करून भागला नि देवपूजेला लागला, असं म्हणतात. मी तर देवपूजा करता करताच केलं.

पुढे काही खाणी सुरू झाल्या. पण तोवर सगळंच बदललं होतं. नव्या गाड्या हव्यात, जुन्या नकोत. माझा ट्रक भंगारात गेला. मी? मी टॅक्सी घेतली आणि मोप्यालाच लावली. हो, त्याच मोप्याला! उतारूंची वाट बघत उभा असतो, तेव्हा आतून ड्युटी संपवून माणसं बाहेर येतात, गणवेशातली, डबा हातात. सगुणच्याच वयाची आहेत त्यांतली काही. मी खाली मान घालून मोबाईल बघत बसतो.

सगुणनं नंतर पुष्कळ दारं ठोठावली. सगळीकडे तेच — वय झालं, कसला कोर्स केलाय, कागद दाखवा. आयुष्यभर भरलेली गाडी चालवली याला कागद कुठला? आता ट्रकात जांभ्याचे चिरे चढवायला जातो, बोलावलं तर. पाठ गेलीय. तरी देवीला कधी बोल लावत नाही. ती नको म्हणाली त्यात माझं काही भलंच असणार, असं मलाच समजावतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी तोंड मिटूनच मेलो असतो. पण त्याची लेक रजनी म्हापशाला बॅटरीवरच्या स्कूटर दुरुस्त करायला शिकायला निघाली. सगुण म्हणाला, आधी प्रसाद घेऊ. ती म्हणाली, मला जायचंय, मी विचारणार नाही. आणि गेली. तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नाही. ती सुट्टीला येते, आईशी बोलते, परत जाते. ज्या शब्दापायी यानं स्वतःचं वाटोळं करून घेतलं, तो शब्द तिनं विचारलादेखील नाही — हे त्याला सोसवत नाही.

गेल्या मंगळवारी तो आला. देवळात आम्ही दोघंच. खांबाला टेकून बसला. लेकीचा विषय काढून म्हणाला, "भाई, मी देवीचा ऐकलंय मां? मगे माझ्या चेडवाक काय झाला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य लागलं असतं. त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती, थुंकला असता, मारो! पण संध्याकाळी त्यानं लेकीला फोन केला असता. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

मी म्हटलं, "ऐकलंस रे. तुझ्यासारखं कुणी ऐकलं नाही."

त्यानं ओंजळ पुढे केली. मी देवीवरची एक पाकळी काढून तिच्यात ठेवली, आणि त्यानं ती डोळ्यांना लावली.