पट्टीतली गाठ

आणीबाणीच्या काळात माझे वडील नाशिकजवळच्या एका मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात होते. उजव्या तळपायाची जखम काही केल्या भरत नव्हती. मी दर रविवारी डबा द्यायचो आणि दोन हात लांब बसून परत यायचो.

व्हरांड्यात एक माणूस कायम पट्ट्या गुंडाळत बसलेला असे. जखमेच्या पट्ट्या तेव्हा धुऊन, वाळवून पुन्हा वापरत. गुंडाळण्याआधी तो प्रत्येक पट्टी डोळे मिटून मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढायचा. दोऱ्याची गाठ लागली की कातरीने काढायचा. त्याचा तो संथपणा बघून माझं डोकं फिरायचं.

एकदा बस चुकली म्हणून त्याच्याशेजारी बसलो. तो म्हणाला, "सुरगाण्याहून प्रवचन शिकाया आलतो. पाद्रीसाहेबांनी आधी ह्या पट्ट्या दिल्या. बारा वर्सं झाली."

"आणि प्रवचन?"

"ऱ्हायलं." हात चालूच होता.

मी चिडून म्हणालो, "एवढ्याशा गाठीनं काय होतंय?"

"तुमाला टोचलं तर तुमी पट्टी सोडाल. ह्यांच्या पायाला कळतच नाय. जखम व्हते, तरी चालत ऱ्हातात. मग आधी दुसऱ्या कुनाला तरी टोचाया पायजे ना."

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी उठून आत गेलो, वडिलांच्या खाटेखालच्या चपला ओढल्या आणि पहिल्यांदाच त्यांत हात फिरवला.

उजव्या चपलेतला खिळा माझ्या बोटाला टोचला.