न बसणारी पिन

नव्वदचं दशक संपत आलेलं. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या बायकांचे मी जाळी विणताना, मासळी वाळवताना फोटो काढले होते. ते त्यांनाच मोठ्या पडद्यावर दाखवावेत म्हणून स्कॅन करून ऑफिसच्या लॅपटॉपवर घेतले आणि टेंभी नाक्यावरून प्रोजेक्टर भाड्याने आणला. समाजमंदिरात बायका नटूनथटून आल्या. मी वायर लावायला गेले, तर पिन बसेना. लॅपटॉपच्या कंपनीने आपलं वेगळंच चपटं भोक काढून ठेवलेलं. त्याला त्यांचाच अ‍ॅडाप्टर लागणार होता.

कोपऱ्यावरच्या बूथवरून सहकाऱ्याला फोन केला.

"अगं, तो हरवलाय. कंपनीकडून दुसरा मागवलाय," तो शांतपणे म्हणाला.

"मग आधी सांगायचंस ना!" मी ओरडले.

प्रोजेक्टरवाल्याने तर असली पिन जन्मात पाहिली नव्हती. शेवटी लॅपटॉपच टेबलावर ठेवला, पण जरा बाजूने पाहिलं की त्याचा पडदा काळाठिक्कर दिसायचा. रेटारेटी सुरू झाली.

"सरक गं, माझंच तोंड मला दिसत नाय!" एक म्हातारी कावली.

माझं डोकं फिरलं. पुन्हा बूथवर जाऊन मी आईला फोन लावला. वर्तकनगरहून ती रिक्षाने फोटोंचं पाकीट घेऊन आली आणि सगळ्यांसमोरच म्हणाली, "हेच आधी आणायला काय झालं होतं?"

बायका हसत फोटो हातोहात पाहू लागल्या. मी मात्र कोपऱ्यात वायर गुंडाळत त्या कंपनीला शिव्या घालत होते.