अमेरिकेसाठी फोडायचा नारळ

मंडळी, साल १८६४. आज अमरावतीच्या कापूस बाजारात अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार यावरून वाद रंगला. जुनाच अध्यक्ष पुन्हा आला तर तिथली आपसातली लढाई चालेल, तिथला कापूस अडकून पडेल आणि आपल्या कापसाचा भाव चढा राहील, हे मीच सगळ्यांना पटवलं. माझी वखार भरली आहे. लढाई थांबली तर मी बुडालो.

कापूस पिकवणारे पाटील म्हणाले, "लढाईनंच तर माह्या घरावर गवत जाऊन कवेलू आले, भाऊ." मग जुनाच निवडून यावा म्हणून अंबादेवीला नारळ फोडायचं ठरलं.

माझ्याकडे सरकी काढणारी सखूबाई ऐकत होती. तिचा लेक पलटणीत गेला, तो परतलाच नाही. ती म्हणाली, "मालक, देवीले काय सांगान? अजून लेकरं मरू दे म्हनून?"

पाटलांनी नारळ माझ्याकडे सरकवला. नारळ माझ्यापुढेच आहे. उद्या देवळात काय मागू, तुम्हीच सांगा.