कुल्याश आपायनं सोडलेला रस्ता

डोंगरउतारावरच्या अल्माटी शहरात पत्ता वर असतो नाहीतर खाली. वर म्हणजे डोंगराकडे. कुल्याश आपायनं, म्हणजे कुल्याशताईनं, बावीस वर्षं तिथं टपाल वाटलं. कुठल्या जिन्यात दिवा लागत नाही, इथपर्यंत तिला पाठ होतं. टपालातली नोकरी गेली तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी तिनं घरोघरी जेवण पोचवणाऱ्या कंपनीची पेटी पाठीवर अडकवली आणि सायकलवर टांग टाकली. कंपनी तिला 'भागीदार' म्हणायची. उभ्या जन्मात एवढा मान तिला कुणी दिला नव्हता.

या भागीदारीची गंमत जानेवारीत कळली. कंपनीच्या ॲपनं दाखवलेल्या चढणीवर बर्फाची काच झाली होती, आदल्याच दिवशी जेवण पोचवणारी दोन पोरं तिथं आपटली होती. कुल्याश शेजारच्या, घसरू नये म्हणून राख टाकलेल्या गल्लीनं वर गेली. मटण भरून वाफवलेल्या मांती गरमागरम पोचल्या, गिऱ्हाईक खूश. संध्याकाळी फोनवर निरोप आला: ठरलेला मार्ग सोडल्यामुळे खातं बंद.

कुल्याशनं सरळ कोर्ट गाठलं. आपण कंपनीचे कामगार आहोत, एवढंच तिला ठरवून हवं होतं. कामगाराला असं एका निरोपावर काढता येत नाही.

"अगं, माफी माग आणि मोकळी हो," नवरा साबित वैतागला. "मार्चमध्ये बर्फ वितळेलच की!"

"आणि पुढच्या जानेवारीत? पडले तर हाडं माझी मोडणार. ॲपला हाडं असतात का?"

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील मेइरझान, तिच्या मुलाच्या वयाचा, दाराबाहेरच भेटला. "आपाय, कशाला जिवाला त्रास? या कागदावर सही करा, खातं आज दुपारीच सुरू होईल."

तिनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि कोटाच्या खिशात घातला. "आत बोलू."

आत मेइरझानच्या बोलण्यात नुसतं लोणी होतं. "सायकल त्यांची, वेळ त्यांचा, मर्जी त्यांची. त्या कामगार नाहीत, स्वतःच्या मालकीण आहेत."

कुल्याश उठली. संतापानं तिची भीती पार पळाली होती. तिनं तो कागद पुढे केला. "न्यायाधीशबाई, हा यांनी मला आत्ता बाहेर दिला. मालकिणीकडून काय लिहून घेतात, ते मोठ्यानं वाचा."

बाईंनी वाचलं: "कंपनीच्या परवानगीशिवाय मी पुन्हा मार्ग बदलणार नाही. चुकीबद्दल क्षमा असावी." मग त्यांनी मान वर केली. "वकीलसाहेब, मालकीण परवानगी कुणाकडे मागते?"

"तो... तो नेहमीचाच मसुदा आहे," मेइरझान गडबडला. "सगळ्यांकडूनच घेतो आम्ही."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली, पण कारकुनानं ते वाक्य लिहून घेतलं होतं.

आठवड्यानं निकाल लागला: कुल्याश कंपनीची कामगार आहे. बाहेर आल्यावर मेइरझान कोरडं हसला. "आपाय, हुरळून जाऊ नका. हा निकाल फक्त तुमच्यापुरता आहे."

"असं होय?" कुल्याश कोटाची बटणं लावत म्हणाली. "मग बाकीच्यांना घेऊन येते. सोमवारी असशील ना इथं?"