तिच्या नावाची हजेरी

लॉकडाऊनच्या त्या दिवसांत आमच्या कोगनोळीचा हायवे मुका झाला होता. नाक्यावर बॅरिकेड, एक पोलीस, पलीकडं महाराष्ट्र. मी लहानपणापासून ट्रकांच्या आवाजात झोपलेली पोरगी. त्या शांततेनं दिवसाढवळ्या दचकायचे.

कॉलेज मोबाइलवर आलं होतं. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि रेंजची तर सगळीकडंच बोंबाबोंब. म्हणून आम्हा पोरींची एक रीतच पडली: जिच्याकडं रेंज, तिनं दुसरीचीही हजेरी लावायची. आमच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसलं की रेंज लई चांगली. बोरगावच्या माझ्या जिवलग मैत्रिणीचा पासवर्ड माझ्याकडं होता. माझ्या फोनवर मी, आप्पांच्या जुन्या फोनवर ती. सरांनी तिचं नाव घेतलं की आवाज बारीक करून मीच म्हणायची, "येस सर." लबाडीच होती, कबूल आहे. पण तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

मग ती आजारी पडली. फोनवर खोकत म्हणाली, "माझी हजेरी तेवढी चुकवू नगंस गं."

"गप पड. आधी बरी हो," मी दटावलं.

ती बरी झाली न्हाय. बोरगाव एवढं जवळ, पण मातीलाही जाता आलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. सरांना कुणीतरी सांगितलं असेल असं प्रत्येकीला वाटलं, आणि कुणीच सांगितलं नव्हतं. आप्पांच्या फोनवरनं तिचं खातं मी काढून टाकलं. सर रोज तिचं नाव घ्यायचे, थोडं थांबायचे, "ॲबसेंट" म्हणायचे. मीही तोंड उघडलं नाही.

असे वीसेक दिवस गेले. एका सोमवारी सकाळी दहाला वर्ग सुरू झाला आणि यादीत तिचं नाव आलं. काळा चौकोन, त्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर. सरांनी नाव घेतलं. माइक उघडला. पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं. एक बांगडी वाजली, आणि माइक बंद झाला.

"प्रेझेंट," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच. पोरींचे मेसेज सुरू झाले, "लाज वाटत न्हाय का तुला?" पासवर्ड माझ्याकडं असतो हे सगळ्यांना ठाऊक. अगं आई गं, मेलेल्या मैत्रिणीचा खेळ करीन व्हय मी? आईनं माझ्यावरनं मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. मला भीती वाटत होती आणि तितकाच रागही येत होता. शेवटी सरांना फोन केला आणि सगळं ओकले, माझ्या लबाडीसकट. सर म्हणाले, "नाव काढतो."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव वगळून सर थेट माझ्यावर आले. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी फोन वाजला. पडद्यावर तिचं नाव. उचलला. तिची आई होती.

"बाळ, आज सरांनी हिचं नाव घेतलं न्हाय गं. तिनं दावल्यालं तसंच धाला निळं बटान दाबून बसलीया मी. माझं काय चुकलं का? घरात समदी तिला आता 'हुती' म्हणत्यात. त्यो एकटा माणूस तिला रोज हाक मारतोय."

"न्हाय काकू," मी रडत म्हणाले, "चुकलं ते माझंच."

तो फोन ठेवून मी पुन्हा सरांना लावला.

सकाळी हजेरी सुरू झाली. माझ्या आधी सर थांबले, घसा खाकरला आणि तिचं नाव घेतलं. माइक उघडला.

"हजर हाय सर," काकू म्हणाल्या. आवाज अगदी तिचाच. मी काढायची तो कधीच तसा निघाला नव्हता. कुणी हसलं नाही.

"हं," सर म्हणाले.

पुढचं नाव माझं होतं. सरांनी ते दोनदा घेतलं. मला "येस सर" म्हणताच येईना.