घोडं वझ्यासाठी असतं

चोवीस दिवसांसाठी मोटारहोम भाड्यानं घेतलं, तेव्हा भावकीतनं पहिलं वाक्य आलं ते असं: "पुन्यांदा रस्त्यावर निघाल्या व्हय?"

लागावं म्हणूनच बोललेलं होतं. आमचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की केंदूरच्या माळावरनं मेंढरं हलायची ती घाट उतरून कोकणात, आणि मृगाच्या तोंडाला माघारी. घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढं. पुढं मेंढरं विकली, जमीन केली, पाइपलाइन आणली, स्लॅब पडला. भावकीला वाटतं, त्या वाटा आता कुणी आठवूसुद्धा नयेत. मला तसं वाटत नाही. मी घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात पहिल्या दिवशी ओळख करून द्यायला उभं केलं, तेव्हा सांगितलं होतं की माझा जन्म पालात झाला. वर्ग हसला. मी बसले नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिले.

तर मोटारहोम. रांजणगावच्या कंपनीत सुट्ट्या साठवून ठेवल्या होत्या. आईला कोकण पुन्हा दाखवायचं होतं, या खेपेला चालवत नाही, बसवून. आत पलंग, शेगडी, छोटी मोरी, पंखा. गाडी चालवणार मी. दोघी बायकाच जाणार हे कळल्यावर आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, पिशवी भरून दारात हजर. बरोबर बापमाणूस पाहिजे म्हणाले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हे काम आबांनी स्वतःकडं घेतलंय.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. आबा सीटवर बसले आणि आई खाली, शेगडीला टेकून. थोरल्या दिरासमोर ती बरोबरीनं बसत नाही, मग उंचावर तर लांबच. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. मी आरशात बघून सांगत होते, वर बस, वळणं आहेत. ती म्हणायची, हितं वारं लागतंय. खाली कसलं वारं लागतंय. आबा खिडकीतनं बाहेर बघायचे. त्यांनी एकदा 'वर बस' म्हटलं असतं तर ती बसली असती. ते म्हणाले नाहीत.

घाट उतरताना मात्र तिला खालनंच सगळं कळत होतं. गाडी कलली की ती विचारायची, डाव्या अंगाला पाणी हाय का? असायचं. एका वळणावर म्हणाली, "हितं तू पोटात व्हतीस." मग सांगायला लागली. वैशाखात ह्याच घाटानं माघारी वर चढत होते. तिला आठवा महिना सरत आलेला. पायाला सूज. तांड्यात शब्द आबांचा चालायचा, म्हणून तिनं जावेकरवी विचारलं की चढापुरतं घोड्यावर बसू का. घोड्यावर भांडी, कोंबड्यांची डाल, दोन कोकरं. आबांनी निरोप दिला, घोडं वझ्यासाठी असतं. ती चालली. मी पुढं अकरा दिवसांनी झाले.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, मेंढरं कुठं बसवली ते सांगावं तसंच सांगितलं. आबा समोरच होते. "तवा तसंच हुतं," एवढंच म्हणाले. माझे हात स्टिअरिंगवर होते. पण ते घोड्याचं वाक्य घेऊन मी कर्नाटकापर्यंत गेले आणि सोलापूरच्या रस्त्यानं परत आले.

शेवटच्या दिवशी यवत मागं टाकलं आणि कासुर्डीच्या आसपास रस्त्याकडंला उसाच्या वर मान काढलेला जिराफ दिसला. फायबरचा. प्राण्यांचा पार्क होता. हत्तीच्या सोंडेतनं घसरगुंडी, सुसरीच्या होड्या, सुरवंटाची आगगाडी. आबा म्हणाले, घर तासा-दीड तासावर आलंय, आता कशाला थांबायचं, वळखीचं कोण तरी भेटंल. म्हटलं, भेटू दे. आणि गाडी आत घेतली.

आत दोघंही जरा सैल झाली. फायबरची एक मेंढी होती. आईनं तिच्या तोंडात बोट घालून दात बघितले, दोनदाती दिसतीय, वरीस-दीड वरसाची, म्हणाली. आबांनी खूर बघितले आणि मूर्ती करणाऱ्यानं जन्मात मेंढरू बघितलं नसणार असा निकाल दिला. दोघं एकाच गोष्टीवर हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

मग तो गोल फिरणारा झोपाळा आला. सिंह, हरणं, शहामृग आणि एक पांढरा घोडा, लाल खोगीर घातलेला. मी तीन तिकिटं काढली. आबा रेलिंगच्या बाहेरच थांबले. आई घोड्यापाशी गेली, मानेवरनं हात फिरवला आणि खांद्यावरची पिशवी उतरवून खोगिरावर ठेवली. घसरू नये म्हणून बंद खाली खोचला. घोड्याचा दांडा कासऱ्यासारखा धरला आणि डाव्या बाजूला उभी राहिली, चालायला तयार.

झोपाळा चालवणारा हिंदी बोलणारा माणूस होता. म्हणाला, "माताजी, बैठिए. थैला नीचे रखिए."

"चालू करा," आई म्हणाली. "मी चालती."

रांगेतली माणसं हसली. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. आबा हळूच म्हणाले, "खाली उतर. लोकं बघत्यात."

मी वर चढून आईशेजारी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आबा, त्या घाटात तुम्ही तिला नको म्हणालात. आज बस म्हणा. तुम्हीच म्हणा."

आबांनी तोंड उघडलं. "घोडं..." म्हणाले आणि थांबले. झोपाळेवाला बटणावर हात ठेवून बघत होता. मला वाटलं, आता हे बोलायला लागले तरी आणखी तीस वर्षं जातील.

आईला तेच वाटलं असावं. तिनं बंद सोडला, पिशवी उचलली, कडेला आली आणि रेलिंगवरनं हात पुढं केला.

"आबा, वझं धरा."

आजवर तिनं त्यांच्या हातात कधी काही दिलं नव्हतं. ताट असो, तांब्या असो, समोर ठेवायची आणि मागं सरायची. आबांचे हात आपोआप पुढं आले. आईनं लुगडं खोचलं, रिकिबीत पाय घातला आणि बसली. आबांच्या डोक्यापेक्षा चांगली हातभर उंच.

झोपाळा फिरला. ती ताठ बसली होती, समोर बघत, जशी एखादा घाट चढतीय. आबा दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून उभे. त्यांचं तिकीट उरलं होतं, म्हणून झोपाळेवाल्यानं त्यांनाही बोलावलं. त्यांनी मान हलवली आणि पिशवी जरा वर करून दाखवली.

तिथनं घरापर्यंत आई पुढं माझ्या शेजारच्या सीटवर बसली. घोड्यावर बसलेल्या आईचा फोटो मी पार्कमधनंच स्टेटसला टाकला होता. गाव येईपर्यंत भावकीतल्या एकानं विचारलंच, ह्या वयात घोड्यावर?

गाडी कडेला घेऊन मी उत्तर लिहिलं: व्हय. तिकीट काढून.