बारावी ओळ

रफूकाकांच्या दुकानात सुयांच्या सतरा डब्या होत्या, पण दोऱ्याचं रीळ औषधालाही नव्हतं. नवं गिऱ्हाईक ते पाहून बिचकायचं. काका मात्र शांतपणे कोट उलटा करायचे, आतली शिवण दोन बोटं उसवायचे, कापडाचाच धागा ओढून काढायचे आणि त्याच धाग्यानं भोक विणून टाकायचे. "ज्याचं त्याला," एवढंच म्हणायचे. भोक कुठं होतं ते मग मालकालाही सापडायचं नाही. शेजारचा किल्लीवाला गिऱ्हाइकांना बजावायचा, "फाटलेली जागा आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर भांडायला काही उरणार नाही."

लोक याला कसब म्हणत आणि ते होतंच. पण त्याच्या मुळाशी एक अडचण होती. काकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. दोन्ही त्यांना सारखेच, मातकट दिसायचे. रीळ निवडायची वेळच येऊ नये म्हणून ही पद्धत. हे गुपित फक्त घरात ठाऊक होतं. बायकोला तर लग्नानंतर आठव्या दिवशीच कळलं, कारण पिकलेले टोमॅटो आणायला सांगितले आणि नवरा पिशवीभर कच्चे घेऊन आला. तेव्हापासून बाजार तिच्याकडे.

मुलीला कळलं ते नवव्या वर्षी. गडद लाल रंगाचा एक कोट दुरुस्तीला आला होता. आधीच्या कुणा शिंप्यानं त्याच्या आतल्या दुमडीला हिरव्या कापडाचा तुकडा जोडला होता. काकांनी नेहमीच्या भरवशावर त्यातलाच धागा काढला आणि अर्धा दिवस खपून छातीवरचं भोक विणलं. विणकाम असं, की बोट फिरवलं तर कळू नये. शाळेतून आलेली पोर दारातच थबकली आणि म्हणाली, "बाबा, कोटावर शेवाळ आलंय."

काकांनी दार लावून घेतलं आणि सगळं उसवलं. दुसऱ्या दिवसापासून पोर शाळा सुटली की थेट दुकानात यायची. उंच स्टुलावर बसून धाग्यावर बोट ठेवायची. हा चालेल, हा नको. लग्न होऊन जाईपर्यंत तिची प्रत्येक दुपार अशी गेली.

आता ती अडतीस वर्षांची होती, एका शाळेत भूगोल शिकवत होती. आठ वर्षं मूल होत नव्हतं म्हणून दवाखान्याचे उपचार चालले होते. प्रयोगशाळेत पाच गर्भ तयार झाले होते आणि त्यातला एक पोटात ठेवायचा होता. त्याआधी तपासणीचा अर्ज भरायचा होता. अर्जात बारा ओळी होत्या. ज्या ओळीपुढं खूण कराल, तो दोष ज्या गर्भात सापडेल तो बाजूला काढला जाणार. अकरा आजार असे, की नाव वाचूनच जीव गोळा व्हावा. बारावी ओळ होती रंगांधळेपणाची.

"हे कशाला घातलंय यात?" मुलीच्या घरी अर्ज ऐकून घेत काकांनी विचारलं.

"त्याचं जनुक सापडलंय, म्हणून. सक्ती नाही म्हणे," मुलगी म्हणाली. "पण नर्सबाई म्हणाल्या, सगळेच खूण करतात. आणि बाबा, ते तुमच्याकडून माझ्याकडे आलंय. मला रंग दिसतात, पण माझ्याकडून बाळाकडे जाऊ शकतं. सोमवारी अर्ज द्यायचाय. तुम्ही सांगा, तुम्हाला खरंच त्रास झाला का?"

"छे, कसला त्रास," असं म्हणून काका उठून गेले.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या तोंडाचा फुगा झाला होता. जेवताना बायकोला म्हणाले, "म्हणजे माझ्या वेळी ही तपासणी असती, तर मी पहिल्याच फेरीत बाद."

"घोरण्याचीही ओळ असती तर मीच खूण केली असती," बायको म्हणाली. मग ताटात भात वाढत हळूच म्हणाली, "पण तिला खरं काय ते सांगा. तिनं विचारलंय."

दोन दिवस काकांनी आपल्या बाजूची उत्तरं जमवली. रंग आड येत नाही म्हणून वीण स्वच्छ दिसते. दुसऱ्यांनी केलेला रफू आपल्याला लांबून ओळखता येतो. सगळं खरंच होतं. पण त्याच्यामागून दुसरंही येत राहिलं, आणि रविवारी दुपारी ते पुन्हा मुलीच्या घरी गेले तेव्हा तेच आधी तोंडून निघालं.

"मला आगगाडी चालवायची होती," स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत ते म्हणाले. "लेखी परीक्षेत पहिला आलो होतो. मग डोळे तपासायला ठिपक्यांचं पुस्तक दिलं. त्यात आकडा असतो म्हणे. मला पानभर ठिपकेच दिसले. साहेबानं पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि मागच्या रांगेतली पोरं हसायला लागली. घरी सांगितलं, नापास झालो. तुझ्या आईलाही आजवर हेच माहीत आहे. त्रास झाला, बाई. झाला."

अर्ज समोरच होता.

"आणि एक विचारायचंय," काका म्हणाले. "दुकानातल्या त्या सगळ्या दुपारी. तुला कंटाळा यायचा का?"

"खूप यायचा," ती म्हणाली. "समोरच्या मैदानात मुली खेळायच्या. मी तुमचे धागे बघायचे."

नाही म्हणेल अशी काकांची खात्री होती. उत्तर काळजाला लागलं.

"मग खूण कर," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. मला राग नाही."

तिनं पेन उचललं. एकेक आजार वाचत अकरा खुणा केल्या. बाराव्या ओळीवर पेन थांबलं.

"कंटाळा यायचा," ती म्हणाली. "पण कंटाळा येतो म्हणून मला हे बाबा नकोत, असं कधी वाटलं नाही. एवढ्यासाठी माणूस गाळायचा?"

बारावी ओळ तिनं तशीच सोडली आणि खाली सही केली. "जसा येईल तसा येऊ दे. रंग न कळणारा आलाच, तर धागे बघायला मी बसेन. सवय आहे मला."

काकांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

घरी परतताना ते भाजीवाल्याच्या गाडीशी थांबले. बायकोनं काही आणायला सांगितलं नव्हतं. टोमॅटोच्या ढिगाकडे ते थोडा वेळ बघत राहिले. नेहमीसारखाच, सगळा एका रंगाचा ढीग.

"मला रंग कळत नाहीत," ते म्हणाले. "पिकलेले तुम्हीच काढून द्या."

"किती?" भाजीवाल्यानं विचारलं आणि मान वर न करता टोमॅटो काढायला लागला.